पाठमोरा दरबार

दार उघडलं तेव्हा आतली सगळी माणसं आमच्याकडे पाठ करून उभी होती.

मी उंबऱ्यातच थबकलो. कुठल्याही अनोळखी खोलीत शिरताना आपण चुकीच्या वेळी आलो आहोत असं वाटण्याची माझी जुनी सवय आहे. त्या दुपारी तर तोंडून ‘माफ करा’ जवळजवळ निघालंच होतं. मग डोळे अंधाराला सरावले आणि दिसलं, की ती माणसं भिंतींवर रंगवलेली आहेत.

“दचकला न्हवं?” किल्ली कनवटीला खोचत रखमाजी म्हणाले. “समदे दचकत्यात. मागं शाळा तपासायला एक साहेब आलते. त्यांनी तर हात जोडले आन् म्हनले, बैठक चालू हाय वाटतं, मी भाईर थांबतो.”

रखमाजी स्वतः आत आले नाहीत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे; समोरच त्यांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलेलं. दाराच्या चौकटीत ते पांढरे फटक उभे होते आणि आत बघायचं टाळत होते.

मी शरयूच्या कोपराला धरून तिला आत घेतलं. ती आली. त्या दिवसांत ती कुठेही नेलं तर येत असे आणि ठेवलं तिथे राहत असे.

शरयू माझी पत्नी. ही हकिकत तिच्या हयातीत मी लिहिली नाही. लिहिण्यासारखी आहे की नाही, याची खात्री मला आजही नाही. मी तेव्हा कऱ्हाडला एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि विषादावर एक पुस्तक लिहीत होतो. जुन्या काव्यांतल्या खिडकीशी बसून राहणाऱ्या बायका, जिंकलेल्या लढाईनंतर अन्न सोडून बसलेले सरदार, परदेशी चित्रांतली गालाला हात लावून बसलेली माणसं, असं बरंच काही मी जमवलं होतं. पुस्तक सुरू केलं तेव्हा घरात सगळं ठीक होतं. लोकांना वाटे, बायको आजारी पडली म्हणून मी तो विषय घेतला. तसं नव्हतं. विषय आधी आला, शरयूचं गप्प होणं मागून. कधी कधी मला वाटे, मीच त्या गोष्टीला आमच्या घराचा पत्ता दिला.

कारण काही सापडत नव्हतं. माझी बहीण विमल तिला म्हणायची, “वहिनी, तुला काय कमी आहे ते एकदा सांगून टाक, म्हणजे आणून देता येईल.” शरयू तिच्याकडे नदीच्या पलीकडे कुणी उभं असावं तसं बघायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांची बाटली मी घरात ठेवत नसे, खिशात घेऊन फिरत असे. एका संध्याकाळी मी महाविद्यालयातून आलो तेव्हा ती गॅलरीत कठड्याशी उभी होती. हातात वाळत घालायचा टॉवेल तसाच. त्यातलं सगळं पाणी गळून गेलं होतं आणि खालची फरशीसुद्धा वाळली होती. मी विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, “खाली बघत होते. मला वाटायचं त्यापेक्षा कमी लांब आहे.”

त्या दिवसापासून आम्ही तिला एकटीला ठेवलं नाही. मी तासाला गेलो की विमल येऊन बसे. सगळी पुस्तकं वाचलेला मी, पण सकाळी तिच्या खोलीचा पडदा उघडावा की बंद ठेवावा, हे मला ठरवता येत नसे.

वेळणे गावच्या त्या खोलीबद्दल मला इतिहासाच्या टिळेकरांनी सांगितलं होतं. घाटमाथ्यावरचं एवढंसं संस्थान, राजवाड्यात आता मुलींची शाळा. “तुझ्या पुस्तकाला एक आपल्याकडचा राजा हवा होता ना? मग तिथे जा,” असं ते म्हणाले होते. तिथल्या हैबतराव महाराजांना दरसाल मौनाचा आजार होई, आणि त्या दिवसांसाठी त्यांनी एक खोली रंगवून घेतली होती. मी मुख्याध्यापिकाबाईंना पत्र घातलं, त्यांनी शनिवारी या म्हणून कळवलं. नेमकी त्याच शनिवारी विमल सासरी गेली होती. शरयूला बरोबर घेऊन जाण्यावाचून इलाज नव्हता.

खोली लांबट होती. उजव्या हाताला उंचावर एक झरोका, तेवढाच उजेड. डाव्या-उजव्या भिंतींवर दरबारी, कारकून, पालखीचे भोई, नाचणाऱ्या बायका, मशालजी, दोन हत्ती. सगळे समोरच्या भिंतीकडे तोंड करून निघालेले, त्यामुळे आपल्याला त्यांच्या मानेमागचे केस, अंबाड्यातले गजरे, पगड्यांची मागची बाजू दिसायची. समोरच्या भिंतीवर तर निव्वळ पाठीच. राण्यांच्या पाठी, ब्राह्मणांच्या उघड्या पाठी आणि त्यांवरून तिरपी गेलेली जानवी, एका आईच्या खांद्यावरचं मूलसुद्धा पुढे वळून बघणारं. एकाही माणसाचा चेहरा काढला नव्हता. चित्रकार कच्चा नव्हता. पाठींमधून त्याने म्हातारपण दाखवलं होतं, घाई दाखवली होती. एका जाड बाईची चोळी काखेत घट्ट झाली होती, तेही त्याने सोडलं नव्हतं.

त्या गर्दीच्या मधोमध एक कमान होती. खरी नव्हे, रंगवलेली. कमानीत काहीही नव्हतं. काजळीसारखा काळा रंग, जराही तकाकी नसलेला. आणि कमानीवर, जिथे आपल्याकडे गणपती असतो तिथे, गणपतीच होता. तोही आत बघणारा. मी आयुष्यात पहिल्यांदा गणपतीची पाठ पाहिली. लहानपणी आई आम्हाला मूर्तीच्या मागे जाऊ द्यायची नाही. एवढ्या वर्षांनीही मी नजर खाली घेतली.

मी वही काढली. वाक्य तर येतानाच बसमध्ये तयार झालं होतं. विषण्ण माणसाला सगळं जग आपल्याकडे पाठ करून उभं आहे असं वाटतं, आणि या राजाने ते वाटणं भिंतीवर उतरवून घेतलं. वाक्य बरं होतं. ते लिहून मी मान वर केली तर शरयू माझ्या शेजारी नव्हती.

खोलीच्या मध्यभागी एक रुंद, बुटका लाकडी चौरंग होता. ती त्यावर जाऊन बसली होती. मांडी घालून, ताठ. कित्येक महिन्यांत ती कुठे आपण होऊन बसली नव्हती.

“वैनी, उठा तिथनं,” दारातून रखमाजी म्हणाले. आवाजातली गंमत गेली होती. “सर, त्येनला उठवा.”

मी जवळ जाऊन म्हटलं, आपली बस आहे, निघू या. कोपराला हात लावला. तिचा हात नेहमीसारखा सैल लागला नाही. ती समोर बघत होती, आणि म्हणाली, “थांबू या.”

तिचा आवाज मी विसरलो होतो म्हटलं तरी चालेल. मला एकदम आनंद झाला. त्याच्या मागोमाग तसलीच भीतीही आली, कारण ती जिथे थांबायचं म्हणत होती ती जागा मला आवडली नव्हती.

मी दाराशी जाऊन रखमाजींना हळू आवाजात विचारलं की काय हरकत आहे. ते पीठ झटकायला म्हणून अंगातली बंडी झटकत, तुटक तुटक सांगू लागले. त्यांचं आडनाव सोबतकर. महाराजांना ते दिवस आले की त्यांना माणसाचं तोंड सोसायचं नाही, म्हणून ही खोली. पण महाराजांना एकटं सोडायचं नाही असाही दंडक होता. म्हणून रखमाजींच्या घराण्यातला एक पुरुष चौरंगावर त्यांच्या शेजारी बसे. आपल्या उपरण्याचं टोक महाराजांच्या शेल्याला बांधायचं आणि बसायचं. बोलायचं नाही. काय झालं म्हणून विचारायचं नाही. गाठ ओढायची नाही. गाठ सोडायची ती महाराजांनी, आपल्या हाताने, मनाला येईल तेव्हा. कधी दुपारपर्यंत सुटे, कधी दिवा लावायची वेळ होई. रखमाजींचा आजा हे काम करणारा शेवटचा. स्वतः रखमाजी कधी बसले नव्हते, आणि हे सगळं कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“आज्यानं बापाला सांगितलं, बापानं मला सांगितलं. मी गिरनी घातली,” ते म्हणाले.

“आणि कुणी एकटं बसलं तर?”

त्यांनी बोट केलं. कमानीच्या अगदी जवळ, सगळ्या गर्दीच्या पुढे, एक तरुण माणूस होता. तोवर तो माझ्या लक्षात आला नव्हता. बाकीच्यांच्या डोक्याला पगड्या, हा बोडका. साधं धोतर, उघडं अंग. वहाणा पायात नव्हत्या, हातात होत्या. नीट बघितल्यावर कळत होतं की तो इतरांसारखा रंगवलेला नाही. इतर सगळ्यांच्या अंगाभोवती गेरूची बारीक रेघ होती, याच्याभोवती नव्हती.

“धाकले सरकार,” रखमाजी म्हणाले. “महाराजांचे भाऊ. त्येनी लई थट्टा केली या गाठीची. बैलासारकं बांदून काय बसायचं, म्हनायचे. मग त्येंच्यावर बी तीच येळ आली. सोबती नगं म्हनले. आतनं कडी घातली आन् बसले. सांजंला दार फोडलं.”

“मग?”

“चौरंग मोकळा.”

“आणि हे चित्र नंतर कुणी काढलं? महाराजांनी?”

“काडलं म्हून मी म्हनलो न्हाई, सर,” रखमाजी म्हणाले. “त्ये मागनं आले, एवढंच म्हनलो.”

मी शिकलेला माणूस. अशा गोष्टी गावोगावी असतात, आणि त्यांना दुसरंही काही कारण असतं, हे मला माहीत होतं. महाराजांनीच शोकाने ते चित्र काढलं असेल. धाकट्या भावाचं काय झालं, ते कुणी दडपलं असेल. हे सगळं मी मनात म्हणून घेतलं आणि शरयूकडे बघितलं. ती त्या बोडक्या तरुणाकडे बघत होती, आणि डोळ्यांनी कुणी पुढे बोलावलं तर आपण जशी मान किंचित पुढे काढतो तशी तिने काढली होती.

“बांधा,” मी रखमाजींना म्हटलं.

ते आत आले, पण भिंतीकडे न बघता, कुणाच्या शेतातून जावं तसे पायांकडे बघत. पंचाईत अशी की माझ्याकडे उपरणं नव्हतं. मी शर्ट-पँट घातलेली. त्यांनी माझ्या खांद्यावरची शबनम पिशवी हातात घेऊन बघितली आणि, “अंगावरचंच पायजे,” म्हणून परत दिली. शेवटी त्यांनी माझा शर्ट मागून पँटीतून ओढून बाहेर काढला. एक वयस्क प्राध्यापक, शर्टाची शेपटी बाहेर, आणि पिठाने माखलेला एक गिरणीवाला ती त्याच्या बायकोच्या पदराला बांधतो आहे. व्हरांड्यातून दोन मुली डोकावल्या आणि खिदळत पळाल्या. माझे कान तापले. पदराला हिसका बसला तेव्हा शरयूने फक्त एकदा खाली बघितलं.

“दार नुसतं लोटतो,” रखमाजी म्हणाले. “कडी घालत न्हाई. मी गिरनीतच हाय.” जाताजाता ते परत वळले. “सर, इचारायचं न्हाई बगा.”

आम्ही बसलो.

पहिल्यांदा मला बाहेरचे आवाज ऐकू येत राहिले. गिरणीच्या पट्ट्याची फटफट, कुठल्यातरी वर्गात पाढे. मग वीज गेली असावी, गिरणी थांबली. पाढेही थांबले. झरोक्यातून आलेला उजेड डावीकडच्या भिंतीवर एका हत्तीच्या पाठीवर होता, तो हळूहळू त्याच्या शेपटीकडे सरकत होता.

मला विचारायचं होतं. मी वर्षभर तेच करत आलो होतो. काय होतंय, कुठे दुखतंय, चहा करू का, बाहेर जाऊ या का, वाचून दाखवू का. ती गप्प बसे म्हणून मी विचारी, आणि मी विचारी म्हणून ती आणखी आत जाई. आता ओठ मिटून बसल्यावर कळत होतं, की प्रश्न विचारणं हे मला किती आधाराचं होतं. ते काढून घेतल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता. इतक्या दिवसांत मी तो ऐकला नव्हता.

डोळे सारखे कमानीकडे जात. त्या काळ्या रंगाचं एक होतं, त्याच्यावर नजर ठरत नसे आणि दुसरीकडेही जात नसे. मी मुद्दाम बाजूच्या माणसांकडे बघू लागलो. जाड बाईची चोळी, जानवी, मशालजीच्या पोटऱ्या. उजेड कमी होत होता, आणि माणसं आधीपेक्षा दाटीने उभी आहेत असं मला वाटलं. वाटलं, एवढंच मी म्हणू शकतो. मघाशी दोन राण्यांच्या मधून भिंतीचा पिवळा रंग दिसत होता. आता तिथे खांदा दिसत होता.

मग गाठीला ओढ लागली.

शरयू उठली होती. मी मागोमाग उठलो. ती चौरंगावरून उतरली आणि समोरच्या भिंतीकडे चालू लागली. सावकाश, पण न थांबता, देवळात ओळ पुढे सरकली की आपणही सरकतो तशी. ओढायचं नाही, हे माझ्या लक्षात होतं. माझे दोन्ही हात पुढे आले होते, ते मी मागे घेतले. शर्ट कमरेशी आवळत होता आणि मी त्याच्यामागे ओढला जात होतो.

ती भिंतीशी पोचली आणि थांबली. झरोक्यातला उजेड त्याच सुमाराला गेला. मी दोन हात मागे होतो. समोर सगळ्या पाठीच पाठी. अंबाडे, पदर, खांदे. सगळ्या कमानीकडे वळलेल्या, सगळ्या थोड्या वाकलेल्या. मी एकेक पाठ बघत गेलो, आणि क्षणभर मला शरयू सापडेना. तिची नेहमीची फिकी साडी, तिचा सैल अंबाडा मी शोधत होतो, आणि भिंतीवर तसलेच अंबाडे होते. मला हाक मारायची होती. गाठीला ताण लागला, म्हणून कळलं की त्यांतली ती कोणती.

मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. याहून दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. गाठ सैल पडली. तिच्या डाव्या हाताशी धाकले सरकार होते, एवढे जवळ, की त्यांच्या कोपराचा रंग तिच्या बांगड्यांना लागावा. तिने कपाळ पुढे करून त्या काळ्या रंगाला टेकलं.

बराच वेळ गेला.

“अहो,” ती म्हणाली.

मी बोललो नाही.

“तुम्ही लिहिणार, की जगाने पाठ फिरवली म्हणून.”

मी तिला लिहिलेलं वाचून दाखवत असे. ती ऐकते आहे असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

“तसं नाहीये ते,” ती म्हणाली. आवाज भिंतीशी बोलल्यासारखा दबून येत होता. “मलाही आधी तसंच वाटलं. पण ही काही कुणाकडे पाठ करून उभी नाहीत. मी जिकडे बघते ना, तिकडेच बघतायत सगळी. तो गणपतीसुद्धा. माझ्या पुढे उभी आहेत, म्हणून पाठ दिसते.”

माझ्या हातातल्या वहीत मघाशी लिहिलेलं वाक्य होतं. मी वही खाली सोडून दिली. ती पडल्याचा आवाज झाला, पण शरयू हलली नाही.

“फार दिवसांनी कुणी माझ्याबरोबर बघतंय,” ती म्हणाली. आणि मग, “तुम्हाला दिसतं ते?”

विचारायचं नाही, असं रखमाजींनी सांगितलं होतं. उत्तर द्यायचं की नाही, ते सांगितलं नव्हतं. मला उत्तर येत होतं असंही म्हणता येईल. त्या काळ्या रंगासाठी माझ्याकडे किती शब्द होते. विवर होतं, रात्र होती, विस्मृती होती, शंभरेक पानं होती. ‘दिसतं’ म्हणावं, म्हणजे तिला एकटं वाटणार नाही, असंही मनात आलं. पण खरंच बघितलं, डोळे ताणून बघितलं, आणि मला काही दिसलं नाही.

“नाही,” मी म्हणालो. “मला नुसती भिंत दिसते.”

मला वाटलं, संपलं. शेजारच्या बोडक्या माणसाच्या हातातल्या वहाणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांचे अंगठे झिजलेले होते. ते कुणी कशाला रंगवावेत, असं मनात आलं.

“खरंच?” ती म्हणाली.

“हो. काळी भिंत आहे. चुना दिलेला आहे, त्यावर रंग. खाली ओल आली आहे.”

“ओल आली आहे,” ती म्हणाली. परगावच्या माणसाने घरची खबर सांगावी आणि आपण ती पुन्हा म्हणून बघावी, तसं.

“हो. पोपडे निघालेत. उजव्या बाजूला जास्त.”

तिने हात उचलला. तो हात धाकल्या सरकारांच्या कोपरावरून गेला, काळ्या रंगात गेला, आणि थांबला. तिने बोटांनी चाचपून पाहिलं. नखाने एक पोपडा काढला. तो खाली पडला, त्याचाही आवाज झाला.

“कुणाला तरी भिंत दिसते,” ती म्हणाली. “बरं आहे.”

पुढे अशा दुपारी बऱ्याच आल्या. ते दिवस पुन्हा आले, गेले, आणखी आले. पुस्तक काही झालं नाही. मला जे माहीत होतं ते त्यात लिहून भागलं नसतं, आणि जे लिहायला हवं ते मला दिसत नव्हतं. दर वेळी ती मला विचारायची, दिसतं का म्हणून, आणि मी समोर जे असेल ते सांगायचो. कपाट आहे. खिडकी आहे, गज गंजलेत. आपण कुणाच्या उपयोगी पडलो का, हे माझ्यासारख्याला कधीच नक्की कळत नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत काय झालं, एवढं मला माहीत आहे. ते सांगतो आणि थांबतो.

तिने कमरेशी हात नेला आणि पदर चाचपला. गाठ तिच्या मागे होती, माझ्या शर्टाच्या टोकाला. पाठीमागे हात करून तिला ती सुटेना. तिने ती दोनदा ओढून बघितली, मग थांबली. गाठ सोडायची तर तिला वळावं लागणार होतं.

ती वळली.

त्या खोलीत शे-दीडशे वर्षं कुणाचा चेहरा नव्हता. तिच्या कपाळावर काजळी लागली होती, कुंकू फिसकटून त्यात मिसळलं होतं, नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका होता. डोळ्यांखाली तीच वर्षभराची वर्तुळं. मागे सगळ्या पाठी, आणि तेवढा एक चेहरा माझ्याकडे.

ती खाली बसली. मलाही बसावं लागलं. तिने माझ्या शर्टाचं टोक मांडीवर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि नखांनी गाठ उकलायला लागली. मी मदतीला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

“हलू नका हो,” ती म्हणाली. “आधीच ओढून ओढून किती घट्ट झालीये.”